उदगीरची लढाई (१७६०) आणि नोवाचा वेढा (१८१९) : बंदुकीची घडण व सलग माऱ्यातील सातत्य

प्रस्तावना

मराठवाड्यातील भुईकोट किल्ल्यांच्या अभ्यासात तोफांना नेहमीच अग्रमान मिळत आलेला आहे. औसा किंवा कंधार येथील तटावर पडून असलेली तोफ पाहणाऱ्याचे लक्ष वेधून घेते. तिची लांबी मोजता येते, तिच्यावर कोरीव लेख असेल तर तो वाचता येतो. हातातील बंदुकीच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही. तिचा लाकडी दस्ता कुजून जातो, नळीचे लोखंड लोहाराच्या भट्टीत जाते आणि चापाची कमान कोणत्या तरी कुलपात बसते. साधन उरले नाही म्हणून त्याचे कार्यही विस्मरणात गेले, असे आपल्या प्रादेशिक लष्करी इतिहासाच्या बाबतीत खेदाने म्हणावे लागते.

इ. स. १७६० ची उदगीरची लढाई हे याचे ठळक उदाहरण आहे. पाठ्यपुस्तकांतून ही लढाई पानिपतच्या प्रकरणाची पहिली दोन वाक्ये म्हणून येते. सदाशिवरावभाऊंचे नेतृत्व, इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना, निजामाचा पराभव आणि साठ लक्षांचा मुलूख एवढ्यावर विषय संपतो. ‘तोफखाना’ या शब्दात इब्राहिमखानाच्या पायदळाच्या बंदुका गडप होतात. वस्तुतः या पायदळाचे वैशिष्ट्य मोठ्या गोळ्यात नव्हते, तर एकामागून एक बार सारख्या अंतराने व साधारण सारख्या जोराने काढण्याच्या क्षमतेत होते. ही क्षमता बंदुकीच्या घडणीतून कशी निर्माण होत असे, कोठे अपुरी पडत असे आणि आजच्या लातूर व नांदेड जिल्ह्यांच्या भूमीवरील दोन लढायांत तिचा काय परिणाम झाला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तोड्याची बंदूक

दक्षिणेत सोळाव्या शतकापासून प्रचारात असलेली बंदूक तोड्याची होती. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची वात, म्हणजेच तोडा, सतत धुमसत ठेवावी लागे. चाप ओढला की चिमट्यात धरलेला तोडा खाली येऊन नळीच्या बाजूच्या वाटीतील रंजकास स्पर्श करी, रंजक पेटे आणि तिची ज्वाला बारीक छिद्रातून आतील दारूपर्यंत पोहोचे. या रचनेत मोडण्यासारखे फारसे काही नव्हते. गावातील लोहार ती दुरुस्त करू शकत असे. नळी लांब आणि जाड असे. स्वतःच्या बंदुकीचा अनुभव असलेला नेमबाज गोळी नळीला बेताची घट्ट बसेल अशी निवडी व दारू आपल्या अंदाजाने भरी. अशा बंदुकीचा पल्ला युरोपीय पायदळाच्या बंदुकीहून अधिक असे, ही बाब इंग्रज अधिकाऱ्यांनीही वेळोवेळी मान्य केलेली आहे.

तोड्याच्या बंदुकीचा दोष नेमात नव्हता, वेगात होता. बार काढल्यावर तोडा चिमट्यातून बाजूला घ्यावयाचा, शिंगातून दारू ओतावयाची, गोळी टाकावयाची, गजाने ठासावयाची, रंजक वेगळी भरावयाची आणि मग तोडा पुन्हा योग्य लांबीवर बसवावयाचा. या सर्व खटाटोपास एक मिनिट किंवा त्याहून अधिक वेळ लागे. त्यातही दुसरी अडचण अशी की, शेजारच्या माणसाच्या हातात पेटता तोडा असताना उघडी दारू हाताळणे जिवावरचे होते. त्यामुळे बरकंदाजांना एकमेकांपासून अंतर राखून उभे राहावे लागे. माणसे विरळ, बार विरळ. म्हणजे ठरावीक रुंदीच्या आघाडीवरून दर मिनिटास सुटणाऱ्या गोळ्यांची संख्या दोन्ही कारणांनी कमी होई. घोडदळाने याच विरळपणाचा फायदा घेत दोन बारांमधल्या अवकाशात अंतर कापावयाचे, हे दख्खनच्या युद्धपद्धतीचे एक मुख्य सूत्र होते.

चकमकीची बंदूक आणि सातत्याची साखळी

चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा बसवलेला असे. चाप ओढताच कमानीच्या जोराने तो पोलादी पट्टीवर आपटे, ठिणग्या पडत आणि त्याच धक्क्याने वाटीचे झाकण उघडून रंजक पेटत असे. पेटता तोडा नाहीसा झाल्यामुळे शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहू शकले. मात्र केवळ चकमकीने वेग आला, हे प्रचलित स्पष्टीकरण अपुरे आहे. कागदी काडतूस, लोखंडी गज, सैल बसणारी गोळी आणि कवायत या चार गोष्टी तिच्या जोडीला आल्या, तेव्हाच तयार शिपाई मिनिटास तीन बार काढू लागला. यांतील एक दुवा निखळला तरी बाकीचे दुवे निरुपयोगी ठरत.

काडतुसात मोजलेली दारू व गोळी एकत्र असे, त्यामुळे प्रत्येक बाराचा जोर सारखा राहावा अशी अपेक्षा होती. पण शिपायाला काडतूस दाताने फाडून त्यातीलच थोडी दारू प्रथम वाटीत रंजक म्हणून ओतावी लागे आणि उरलेली नळीत टाकावी लागे. कवायतीच्या मैदानावर हे प्रमाण सांभाळले जाई. समोरून घोडदळ चालून येत असताना हात थरथरे, काही दारू वाटीत जास्त पडे, काही जमिनीवर सांडे. खांद्याला बसणारा दणका कमी व्हावा म्हणून शिपाई मुद्दाम थोडी दारू सांडत, अशी तक्रार युरोपातील अधिकारी सर्रास करीत. म्हणजे वेग वाढला की बाराचा जोर असमान होई. यावरील उपाय घडणीतच होता. नळीचे छिद्र आतून रुंद व बाहेरून अरुंद असे निमुळते केले, तर दारू नळीत ठासताना तिचा काही भाग आपोआप वाटीत येतो आणि रंजक वेगळी भरावी लागत नाही. प्रशियाने हा बदल १७८० च्या दशकाच्या आरंभी स्वीकारला. उदगीरच्या गारद्यांना तो अर्थातच उपलब्ध नव्हता.

गजाची गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. लाकडी गज घाईत मोडतो. आणि ज्याचा गज मोडला त्याची बंदूक म्हणजे संगीन लावलेली काठी. प्रशियाच्या सैन्यात अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतच लोखंडी गज रुळला होता. फ्रेंचांनी तो १७४० च्या दशकात घेतला, म्हणजे बुसी निजामाच्या दरबारी येण्याच्या अगदी अलीकडे.

सर्वांत अवघड प्रश्न गोळी व नळी यांतील फटीचा होता. काळ्या दारूच्या ज्वलनानंतर निम्म्याहून अधिक भाग घन अवशेषाच्या रूपाने उरतो. तो नळीत साचतो, हवेतील ओलावा शोषतो आणि दहा-बारा बारांनंतर नळी जणू अरुंद होते. घट्ट बसणारी गोळी मग गजाने खाली जात नाही. म्हणून लष्करी बंदुकीची गोळी मुळातच लहान ठेवीत. फ्रेंच बंदुकीच्या नळीचा व्यास सुमारे १७.५ मिलिमीटर आणि गोळी त्याहून सुमारे एक मिलिमीटर लहान; इंग्रजी बंदुकीची नळी सुमारे १९ मिलिमीटर आणि गोळी सुमारे १७.५ मिलिमीटर. या फटीमुळे ठासणे सोपे झाले, पण गोळी नळीत इकडेतिकडे आपटत जाऊ लागली. अखेरचा धक्का ज्या बाजूस बसेल त्यानुसार तिला फिरकी मिळे आणि ती त्या दिशेने भरकटे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ च्या आपल्या तोफविद्येवरील ग्रंथाने या विषयाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया घातला आणि गोळीच्या अशा वळणाचे कारण तिच्या फिरकीत शोधले. हाच रॉबिन्स पुढे कंपनीचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला व १७५१ मध्ये फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला. त्याच वर्षी बुसीचे पायदळ दक्षिणेत मराठ्यांशी लढत होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या प्रश्नाचे स्वरूप आजही बदललेले नाही. खेळासाठी वापरल्या जाणाऱ्या पेंटबॉलच्या बंदुकीत, जिला ‘मार्कर’ म्हणतात, रंगाने भरलेली गोळी सुमारे १७.३ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे जवळजवळ फ्रेंच बंदुकीच्या नळीएवढी असते आणि तिची नळीही सामान्यतः आट्यांविना गुळगुळीत असते. तेथेही गोळीच्या मापाशी जुळणारी नळी निवडावी लागते. दारूच्या जागी कार्बन डाय-ऑक्साइड वायू वापरला तर भराभर बार काढताना तो थंड पडतो, दाब उतरतो आणि प्रत्येक गोळीचा वेग आधीच्या गोळीहून कमी होत जातो. दारूचा अवशेष गेला, तर वायूचा गारठा आला. एकच बार नेमका काढणे आणि लागोपाठ वीस बार सारखे काढणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, हे मात्र कायम राहिले.

चकमकीची स्वतःची मर्यादाही होती. गारगोटी वीस-तीस बारांनंतर बोथट होई, छिद्रात अवशेष अडकला तर रंजक पेटूनही आतला बार निघत नसे, आणि नळी इतकी तापे की डाव्या हाताला धरवत नसे. इंग्लंडमध्ये १८३४ मध्ये चकमकीच्या व नव्या टोपीच्या बंदुकांची तुलना करण्यात आली. प्रत्येकी ६,००० बारांपैकी चकमकीच्या बंदुका ९२२ वेळा फसल्या, टोपीच्या केवळ ३६ वेळा. जवळजवळ दर सहा-सात बारांमागे एक बार फुकट, हे प्रमाण शांत वातावरणातील चाचणीचे आहे. म्हणूनच एका बंदुकीच्या भरवशावर राहावयाचे नाही, तर पलटणीतील तुकड्यांनी पाळीपाळीने बार काढून एकाचा फसलेला बार दुसऱ्याने भरून काढावयाचा, अशी कवायत बसवली गेली. सातत्य शिपायाच्या बंदुकीत नव्हते, ते रांगेत होते.

उदगीर, १७६०

ही सर्व साखळी दख्खनमध्ये आणली ती बुसीने. १७५१ च्या अखेरीस चंद्रग्रहणाच्या रात्री कुकडीकाठच्या मराठ्यांच्या छावणीवर त्याने घातलेला छापा बाळाजी बाजीराव पेशव्यांच्या मनावर कायमचा ठसा उमटवून गेला. पुढील काही वर्षे पुण्याच्या दरबाराने गारदी पायदळ मिळवण्यासाठी सातत्याने प्रयत्न केले. ‘गारदी’ हे नावच फ्रेंच ‘गार्द’ या शब्दावरून आले असे सामान्यतः मानले जाते. मुजफ्फरखान गारद्याचा अनुभव कटू ठरला. १७५९ मध्ये भाऊसाहेबांच्या हत्येच्या प्रयत्नात तो सापडला व त्यास देहदंड झाला. एवढे घडूनही त्याच वर्षी इब्राहिमखानाला चाकरीत घेतले, यावरून या पायदळाची गरज किती तीव्रतेने जाणवत होती हे स्पष्ट होते.

निजामाची बाजू नेमकी याच काळात दुबळी झाली होती. लालीने १७५८ मध्ये बुसीस परत बोलावले. एप्रिल १७५९ मध्ये इंग्रजांनी मछलीपट्टण जिंकले आणि फ्रेंचांचा दख्खनकडे येणारा समुद्रमार्गाचा दरवाजा बंद झाला. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान आता समोरच्या फळीत होता. सलाबतजंग व निजामअली यांच्याजवळ तोफा होत्या, परंतु त्या तोफांच्या भोवती उभे राहून सलग मारा करणारे पायदळ पूर्वीचे राहिले नव्हते.

जानेवारी १७६० मध्ये निजामाचा तळ उदगीरच्या परिसरात होता. तेथून औशाच्या वाटेने धारूरकडे सरकून तेथील फौजेस मिळावयाचे, हा त्याचा बेत. मराठ्यांच्या घोडदळाने रसद तोडली व चारी बाजूंनी घेर धरला. आजवर अशा प्रसंगी निजामाची फौज तोफांचा कोट करून त्याच्या आत हळूहळू चालत असे आणि घोडदळाला तो कोट फोडता येत नसे. या वेळी फरक पडला. बालाघाटाच्या उघड्या पठारावर इब्राहिमखानाच्या हलक्या तोफा व बंदूकधारी पायदळ त्या चालत्या कोटाच्या जवळ राहून त्यावर मारा करीत राहिले. दाट गर्दीच्या तळावर नेमापेक्षा गोळ्यांची संख्या महत्त्वाची होती. भरकटलेली गोळीदेखील कोणाला तरी लागतच होती. माघ महिन्याची कोरडी हवा रंजकाला अनुकूल होती. गोळी व नळी यांतील फट हा एरवीचा दोष येथे वेगाच्या बदल्यात परवडणारा ठरला. ३ फेब्रुवारी १७६० रोजी औशाच्या परिसरात मराठ्यांनी निर्णायक हल्ला चढवला आणि निजामाच्या फौजेची फळी मोडली. अखेरचा घाव तलवारीचा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तलवारीला वाट मिळाली ती आधीच्या अखंड माऱ्यामुळे.

तहाने सुमारे साठ लक्ष उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, विजापूर, बुऱ्हाणपूर ही स्थळे मराठ्यांकडे आली. त्र्यं. शं. शेजवलकर व गो. स. सरदेसाई यांच्यासारख्या इतिहासकारांनी या यशाचे राजकीय मोल सविस्तर मांडलेले आहे. त्याचे लष्करी मोल मात्र तेव्हाही व नंतरही थोडे चुकीचे लावले गेले, असे दिसते. उदगीरचे यश घेरलेल्या, अन्नपाण्यास मोताद झालेल्या आणि चालत्या शत्रूवरचे होते. गारद्यांना जागा, वेळ आणि लक्ष्य तिन्ही मनासारखे मिळाले. मार्च १७६० मध्ये परतूरहून उत्तरेकडे निघालेल्या भाऊसाहेबांच्या फौजेने ते पायदळ सोबत नेले. त्याला साथ देण्याची घोडदळाची शिस्त नेता आली नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर गारद्यांनी रोहिल्यांवर संगिनींनिशी चाल केली आणि त्यांची मोठी कत्तल उडवली. परंतु संगीन चालवणारी रांग बंदूक भरू शकत नाही. सलग मारा हे ज्या दलाचे बळ, ते स्वतःहून पुढे गेल्यावर त्या बळाला मुकले, आणि मागून ती पोकळी भरून काढणारे कोणी नव्हते. इब्राहिमखान जखमी अवस्थेत पकडला जाऊन मारला गेला. त्याच आठवड्यात दक्षिणेत पाँडेचेरी इंग्रजांच्या हाती पडले आणि ज्या फ्रेंच परंपरेतून हे गारदी पायदळ घडले होते तिचा उगमच आटला.

साखळीतील उसना दुवा

मराठ्यांनी उदगीरात वापरलेली साखळी विकत घेतलेली होती. शिपाई, त्यांचा सरदार व त्यांची कवायत एकगठ्ठा चाकरीत आली होती. बंदुकीची कमान मोडली तर ती त्याच मापाची घडवणारा कारखाना मागे नव्हता. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयनच्या पलटणींसाठी आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा-बंदुकांचे काम उभे केले, तर हैदराबादेत रेमाँने तोफा ओतण्याचा कारखाना काढला. म्हणूनच ११ मार्च १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत दोन्ही बाजूंना कवायती पलटणी उभ्या दिसतात. रेमाँच्या पलटणी तेथे मोडल्या नाहीत. निजामानेच रात्री माघार घेतली. बंदुकीची बरोबरी झाल्यावर निर्णय अन्य कारणांनी लागतो, एवढेच तेथून दिसते.

नोवा, १८१९

उदगीरनंतर साठ वर्षांनी नांदेड परिसरात याच्या उलट चित्र दिसते. हटकर नाईक नोवसाजी यांच्या बंडाव्यात नोवा येथील गढीत मुख्यतः अरब शिबंदी होती आणि तिच्याजवळ तोड्याच्या बंदुका होत्या. समोर मेजर पिटमनच्या हाताखाली निजामाची ‘रसेल ब्रिगेड’ होती. कंपनीच्या धर्तीवर कवायत शिकलेली, चकमकीच्या बंदुका बाळगणारी. मोकळ्या रानात हा सामना तासाभरात संपला असता. प्रत्यक्षात जानेवारी १८१९ च्या पहिल्या पंधरवड्यात सुरू झालेला वेढा ३१ जानेवारीपर्यंत चालला.

कारण गढीच्या भिंतीमागे तोड्याच्या बंदुकीचे बहुतेक दोष नाहीसे होतात. तेथे माणसे विरळच उभी असतात, प्रत्येकाला आपापले भोक असते, घोडदळ अंगावर येण्याची भीती नसते आणि मिनिटास एक बार पुरतो. लांब नळी भोकाच्या कडेवर टेकवून काढलेला बार वेढा घालणाऱ्याच्या मोर्च्यातील डोके टिपतो. याउलट रांगेने मिनिटाला तीन बार काढण्याची ब्रिगेडची कला मातीच्या जाड भिंतीवर वाया जात होती. पिटमनला अखेर खंदक खणत पुढे सरकावे लागले आणि सुरुंग लावून तट उडवल्यावरच सुलतानढवा करता आला. शिबंदीतील बहुतेक माणसे मारली गेली. पुढे हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणींना ‘नोवा’ हा युद्धसन्मान देण्यात आला आणि त्यांच्या नावापुढे तो विसाव्या शतकापर्यंत लिहिला जात होता. ज्या बंदुकांनी तो वेढा जवळजवळ तीन आठवडे लांबवला, त्यांचा उल्लेख त्या सन्मानात येण्याचे कारण नव्हते.